डोंगर कोरलेली चकती

त्या घड्याळात चारशे सदतीस भाग होते. मुख्य स्प्रिंग आणि माणकाचे खडे वगळले, तर त्यांतील एकही भाग घड्याळजींनी बाहेरून आणलेला नव्हता. प्रत्येक चाकाचा प्रत्येक दाता त्यांनी स्वतः कापला होता. प्रत्येक स्क्रूचे डोके कथलाच्या पाटीवर इतके घासले होते, की समोरून पाहावे तर ते आरशासारखे लखलखे आणि मान किंचित कलती करावी तर काजळासारखे काळे दिसे. ही सारी झळाळी झाकणाच्या आत, दुसऱ्या एखाद्या घड्याळजीखेरीज कुणाचीही नजर पोहोचणार नाही अशा जागी होती. “एवढं कुणासाठी?” असे कुणी विचारलेच, तर ते म्हणत, “पुढे कधीतरी जो उघडेल त्याच्यासाठी. इथं कुणी घाई केली होती, असं त्याला वाटायला नको.”

एकतीस वर्षांत अशी सात घड्याळे त्यांच्या हातून झाली होती. हे आठवे.

पट्टी सरकवली की टोले देऊन वेळ सांगणारी घड्याळे पूर्वीही झाली आहेत, आणि ती करणाऱ्यांपुढे घड्याळजी मनोमन हात जोडत. पण हे घड्याळ ‘किती वाजले’ हे सांगतच नव्हते. सूर्योदयाला किती अवकाश आहे, ते हे सांगे. खर्जातला एक टोला म्हणजे एक तास, खालच्या-वरच्या सुरांची जोडी म्हणजे दहा मिनिटे, वरचा एकटा सूर म्हणजे एक मिनिट. आणि सूर्योदयाच्या क्षणी, कुणी बोटही न लावता, खालच्या आणि वरच्या सुराच्या आतील दोन्ही तारा एकदम तीन वेळा निनादत. तबकडीवर काटे होते खरे, पण ते केवळ रीत म्हणून. ज्याच्यासाठी हे घड्याळ घडले, त्याला काटे दिसत नव्हते.

ते गृहस्थ म्हणजे एक निवृत्त स्टेशनमास्तर, वय वर्षे ब्याऐंशी. काचबिंदूने चार वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी पुरती नेली. दृष्टी गेल्याचे दुःख त्यांनी पचवले होते. पहाटे व्हरांड्यातील खुर्चीत बसावे आणि सूर्य येण्याच्या क्षणी उठून त्याला सामोरे व्हावे, हा त्यांचा तरुणपणापासूनचा नेम होता, आणि आता त्यासाठी रोज लेकीला विचारावे लागे, “किती वेळ आहे गं अजून?” चाळीस वर्षे ज्याने इतरांना वेळ सांगितली, त्याच्या घशात हा प्रश्न दररोज अडके. ऊन अंगावर आल्यावर गालाला कळतेच. पण पाहुणा आत आल्यावर खुर्चीतून धडपडत उठणे निराळे आणि त्याच्यासाठी दारात उभे असणे निराळे.

मास्तरांची लेक दातांची डॉक्टर होती. घड्याळजींच्या कार्यशाळेत येऊन ती एवढेच म्हणाली होती, “काका, बाबांना कुणाला विचारावं लागू नये. बस्स, एवढंच हवंय.”

घड्याळजींच्या पत्नी गणिताच्या प्राध्यापिका होत्या. मास्तरांच्या गावाचे अक्षांश-रेखांश घेऊन त्यांनी वर्षातील प्रत्येक दिवसाचा सूर्योदय मिनिटाच्या अंशापर्यंत काढून दिला. त्या आकड्यांवरून घड्याळजींनी अंगठ्याच्या नखाएवढी एक पोलादी चकती कापली. ती वर्षातून एकदा फिरे. तिची कड वर्तुळाकार नव्हती. दिवसांच्या मानाने ती कुठे फुगीर होती, कुठे बसकी. त्या कडेवर एक बारीक पोलादी बोट टेकलेले असे, आणि कडेच्या चढउतारावरून आजचा सूर्योदय केव्हा हे ते घड्याळाला कळवी. अडीच वर्षे हे काम चालले होते.

घड्याळ सुपूर्द करायला पतीपत्नी दोघे निघाली, ती मास्तरांच्या घरी अंधार पडल्यावर पोहोचली. पहाटे सारे व्हरांड्यात जमले. घड्याळ मास्तरांच्या डाव्या मनगटावर होते. त्यांनी पट्टी सरकवली. एक जोडी, मग चार एकटे सूर.

“चौदा मिनिटं,” मास्तर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की लेक तोंड फिरवून खांबाकडे पाहू लागली.

चौदा मिनिटांनी तारा तीनदा निनादल्या. तो नाद स्वच्छ होता, गोड होता, आणि व्हरांड्याच्या छतापर्यंत जाऊन विरला. मास्तर त्याआधीच उठून, हात पाठीशी बांधून, पूर्वेकडे तोंड करून उभे होते. घड्याळजींची नजर मनगटावर खिळलेली होती.

बराच वेळ गेला.

“घड्याळजी,” मास्तर म्हणाले, “घंटा तर झाली. गाडी काही लागली नाही.”

“मास्तर, घड्याळात एका सेकंदाचाही फरक नाही. रात्री तीनदा पडताळलंय मी.”

“घड्याळाला कोण नावं ठेवतंय? तुमचा सूर्य उगवला असेलही. माझ्या गालाला अजून त्याचा पत्ता नाही, एवढंच म्हणतो.”

“अहो,” प्राध्यापिकाबाई हळूच म्हणाल्या, “ते घड्याळ सोडा आणि जरा वर बघा.”

घड्याळजींनी वर पाहिले. समोर, आकाशाचा खालचा भाग पुरता अडवून, एक लांबलचक काळा डोंगर पसरला होता. पहाट फुटल्यापासून तो तिथेच होता. हा माणूस मात्र सूर्योदयाची परीक्षा घ्यायला येऊन सूर्योदयाकडे पाठ करून बसला होता.

डोंगरामागून ऊन आले आणि मास्तरांच्या गालावर पडले, तेव्हा अठरा मिनिटे उलटली होती.

“अठरा मिनिटं लेट,” मास्तर म्हणाले. “आमच्या वेळी एवढ्यावर कारण लिहून द्यावं लागायचं.”

“कारण डोंगर,” बाई म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. “मी पृथ्वी गुळगुळीत धरली! चेंडूसारखी! कॉलेजात पोरांना ओरडत आले जन्मभर, की गृहीत काय धरलंय ते आधी लिहा म्हणून.” मग नवऱ्याकडे वळून, “आणि तुम्ही? अडीच वर्षांत एकदा तरी विचारायचं, की बाई गं, तिथं समोर काय आहे?”

“मी काय विचारणार? तू आकडे दिलेस, मी कापले.”

“म्हणजे चूक माझी?”

“चूक डोंगराची. तो तुला न विचारता उभा राहिला.”

मास्तर मनापासून हसले. “अहो ताई, कशाला जिवाला लावून घेता? मी रोज त्यात अठरा मिळवीन, झालं.”

“तसं नाही होत हो. अठरा आजचे. सूर्य वर्षभर डोंगराच्या माथ्यावरून सरकत जाणार. माथा कुठं उंच, कुठं बुटका. कधी अठरा होतील, कधी बावीस, कधी सात.”

“असं,” मास्तर म्हणाले. क्षणभराने, अगदी सहज बोलल्यासारखे, त्यांनी पुस्ती जोडली, “मग आज किती मिळवायचे, ते रोज कुणाला तरी विचारायचं.”

घड्याळजींनी हात पुढे केला. “काढा ते, मास्तर. ह्यात डोंगर घालून आणतो.”

“डोंगर? नखाएवढ्या चकतीत?”

“पूर्ण.”

“घालाल तेव्हा मला दाखवा बरं का. हाताने.”

पतीपत्नी तीन दिवस मुक्कामाला राहिली. रस्तेखात्यातील एका इंजिनिअरकडून बाईंनी दुर्बिणीचे मोजणीयंत्र मागून आणले आणि ते मास्तरांच्या खुर्चीपुढे, ते उभे राहिले असता त्यांचा गाल जिथे येई बरोबर त्या उंचीवर मांडले. “सूर्य कुणासाठी उगवायचाय ते एकदा ठरलं, की मग गणित सोपं असतं,” त्या म्हणाल्या. माथ्याच्या एकेका बिंदूचा कोन त्या वहीत उतरवू लागल्या.

मास्तर स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी लेकीकडून दवाखान्यातील मेणाची लादी मागवली. दातांचे ठसे घेण्याचे ते गुलाबी मेण कोमट करून घेतले, आणि अंगठ्याने दाबत, नखाने रेघ ओढत, आठवणीतला डोंगर त्यावर उठवला. “हे उत्तरेकडचं वशिंड. ही मधली खिंड. इथून पुढं दक्षिणेला सपाट खांदा, थेट खालपर्यंत.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी मेणावरची रेघ आपल्या आकड्यांशी ताडून पाहिली आणि चष्मा काढून डोळे पुसले. वशिंड जुळत होते, खिंड जुळत होती. अर्ध्या अंशाचाही फरक नव्हता. चार वर्षे न पाहिलेला डोंगर त्या अंगठ्यात जसाच्या तसा होता. फरक पडला तो एकाच ठिकाणी, दक्षिणेच्या खांद्यावर. मास्तरांनी जिथे सलग उतार काढला होता, तिथे यंत्राला सरळ तुटलेला कडा आणि त्यापुढे खोल खाच दिसत होती.

घड्याळजी दवाखान्यात गेले. लेक हत्यारे उकळत्या पाण्यातून काढून फडक्यावर मांडत होती.

“डॉक्टर, दक्षिणेकडचा खांदा कुठं गेला?”

तिच्या हातातील चिमटा थांबला. “खाण काढली तिथं. दगडाची. तीन वर्षं झाली.”

“मास्तरांना?”

“नाही सांगितलं. सुरुंग ऐकू यायचे, तेव्हा म्हटलं रस्त्याचं काम चाललंय. खोटंही नव्हतं ते; दगड रस्त्यालाच गेला.” ती खाली बसली. “काका, आदल्या वर्षी डोळे गेले. आणि आता डोंगरही गेला, हे कुठल्या तोंडानं सांगू? तुम्ही त्या मेणावरून कापा ना चकती. त्यांच्या मनातला डोंगर घाला.”

“घातला असता,” घड्याळजी म्हणाले. “पण हिवाळ्यात सूर्य नेमका त्या खाचेतून येणार. घड्याळ म्हणेल थांबा, आणि ऊन येऊन बसलेलं असेल गालावर. मग ते कुणावर विश्वास ठेवतील?”

“मग निदान बोलू तरी नका.”

घड्याळजींनी मान हलवली. ते हलवणे होकारार्थी होते की नुसतेच, हे त्यांचे त्यांनाही ठाऊक नव्हते.

कार्यशाळेत परतल्यावर नवी चकती कापण्यास आरंभ झाला. कडेवर आता दोन चढउतार एकमेकांत मिसळले होते, एक आकाशाचा, एक डोंगराचा. भिंगाखाली पाहिले असता वर्षाच्या त्या चिमुकल्या कडेवर वशिंड दिसे, खिंड दिसे, आणि सूर्य ह्या बाजूने जाऊन त्याच बाजूने परत येतो म्हणून डोंगराचे प्रतिबिंब पडावे तसे सारे दोनदा दिसे. दाराशी ठेवलेल्या दिव्याच्या उजेडात बाईंनी ती भिंग लावून पुन्हा पुन्हा पाहिली. “एवढ्याशा लोखंडात आख्खा डोंगर,” त्या शेवटी म्हणाल्या. “आणि मी तो विसरले होते.”

पण घड्याळ चालेना. दक्षिणेच्या कड्यापाशी आले, की पोलादी बोट खाचेत सुखाने उतरे. महिन्याभराच्या अंतराने बाहेर निघायची वेळ आली, की समोर सरळ भिंत. बोट अडे, चकती थांबे, सारे घड्याळ मुके होई. घड्याळजींनी बोट बारीक केले, वाकवले, टोकाला माणिक बसवले. दोन महिने गेले. भिंतीला जरासा उतार दिला असता तर प्रश्न सुटत होता. जरासाच, केसाएवढा! पण तेवढ्याने चार दिवसांचा सूर्योदय खोटा ठरत होता, आणि ते चार दिवस त्यांना डोळ्यांपुढे दिसत.

त्याच सुमारास मास्तरांचा निरोप आला: डोंगर हाताने दाखवणार होतात, त्याचे काय झाले?

घड्याळजींनी पितळेची एक मोठी चकती घेतली, बशीएवढी, आणि मूळ चकतीचा प्रत्येक चढउतार तिच्यावर मोठा करून उतरवला. निघण्याच्या आदल्या दिवशी ती पकडीत धरून त्यांनी कानस उचलली. कडा घासून खांदा सलग केला, की लेकीचे मन राखले जाणार होते. हे काही घड्याळ नव्हे, नुसता नमुना होता. कानस कड्यावर टेकली. हात पुढे सरकेना. एकतीस वर्षे तो हात जे होते ते तसेच कापत आला होता. नसलेले कापण्याचा त्याला सराव नव्हता. त्यांनी कानस खाली ठेवली आणि नमुना कागदात गुंडाळला.

व्हरांड्यात मास्तरांनी चकती मांडीवर घेतली. बोट कडेवरून फिरू लागले. “हं, वशिंड. अगदी बरोब्बर. ही खिंड आली... वा, घड्याळजी, वा! आता हा खांदा—” बोट थांबले. मागे गेले, पुन्हा पुढे आले, पुन्हा तिथेच थांबले.

लेक चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने घड्याळजींकडे पाहिले. त्यांनी नजर चकतीकडे वळवली.

“इथं कडा आहे,” मास्तर म्हणाले.

त्यांनी बोट कड्यावरून पुन्हा खाली-वर नेले.

“हात चुकला तुमचा?”

“नाही, मास्तर.”

“मग?”

“बाबा,” लेक म्हणाली, “खाण काढलीय तिथं. तीन वर्षं झाली. मीच सांगितलं नाही.”

मास्तरांनी चकतीवरचे बोट असे झटकन काढून घेतले, की बाईंना वाटले आता हा माणूस उठून आत निघून जाईल. आणि पाहतात तो मास्तरांच्या चेहऱ्यावर हसू.

“तीन वर्षं! अगं, तीन हिवाळे मी भीतीनं अर्धा झालोय. पूर्वी हिवाळ्यात कारखान्याचा सातचा भोंगा व्हायचा आणि त्यानंतर माझा चहा संपता संपता ऊन यायचं. आता भोंग्याच्या आधीच गालावर हजर! मला वाटलं, डोळे गेले ते गेले, आता डोकंही चाललं. भोंगा चुकायचा नाही, सूर्य चुकायचा नाही, म्हणजे चुकतोय कोण? कुणाला सांगायची सोय नाही. तुला सांगावं तर तू लगेच डॉक्टर गाठणार.”

“मी डॉक्टरच आहे बाबा.”

“दातांची.”

ती हसली आणि रडलीही, आणि ट्रे तिच्या हातातून बाईंनी वेळीच काढून घेतला.

“डोंगर गेल्याचं वाईट वाटलंच गं,” मास्तर थोड्या वेळाने म्हणाले. “पण माझा मी जागेवर आहे, हे कळलं. पुन्हा असं झाकून ठेवू नकोस. मी आंधळा आहे, पाहुणा नाही.” मग बोट पुन्हा कड्यावर ठेवून, “आता मला सांगा घड्याळजी, तुमचं ते बोट ही भिंत चढतं कसं?”

“चढत नाही, मास्तर. तिथंच दोन महिने अडकून पडलोय.”

“चढवता कशाला? फलाटाबाहेर गाडी सांध्यावरच, म्हणजे रूळ फुटतात तिथंच, उभी असताना तुम्ही सांधा बदलाल? आधी गाडी बाजूला, मग सांधा, सांधा बसला की सिग्नल, आणि मगच गाडी आत. आमच्या सिग्नलच्या केबिनीतल्या दांड्याच अशा जखडलेल्या असायच्या, की एक झाल्याशिवाय दुसरी हलायचीच नाही.”

घड्याळजींचा कप ओठांपाशी जाऊन थांबला. रोज एकदा बोट कडेवरून उचलायचे. ते अधांतरी असताना चकती एक दिवस पुढे सरकवायची. चकती स्थिर झाली की बोट खाली सोडायचे. मग भिंत असो, दरी असो, बोटाला चढायचे काही उरतच नव्हते.

“अगं,” ते पत्नीला म्हणाले, “पेन्सिल आहे का?”

“चहा तरी प्या आधी.”

“पेन्सिल दे.”

पुढले पाच महिने त्या एका दांडीत गेले. तिच्यासाठी आत जागाच नव्हती. घड्याळजींनी चाके बसवायच्या मुख्य पत्र्याची जाडी केसभर कमी केली, एका चाकाला पोटातून पोकळ केले, आणि पापणीच्या केसाहून थोडी जाड अशी एक दांडी त्या फटीत बसवली. ती आधी बोट उचली, मग चकतीला वाट देई, मग बोट सोडी. हा क्रम मोडणे तिला शक्यच नव्हते. अशी रचना घड्याळजींनी कुठे पाहिली नव्हती. झाकणाच्या आतील बाजूस, स्वतःच्या नावाखाली, त्यांनी मास्तरांचेही नाव कोरले. असे त्यांनी पूर्वी कधी केले नव्हते. भागांची संख्या आता चारशे बावन्न झाली होती.

ऐन हिवाळ्यात, सूर्य खाणीच्या खाचेतून येण्याच्या दिवसांत, ती दोघे पुन्हा व्हरांड्यात येऊन बसली. मास्तरांनी पट्टी सरकवली, मोजले, आणि कुणालाही काही न सांगता चहा पिऊन संपवला. मग उठून उभे राहिले. तारा तीनदा निनादल्या.

घड्याळजींनी ह्या वेळी घड्याळाकडे पाहिले नाही. ते मास्तरांच्या गालाकडे पाहत होते. गालावर काहीच आले नाही. अर्धे मिनिट गेले. एक मिनिट गेले. घड्याळजी जागचे अर्धवट उठले. त्यांनी पत्नीकडे पाहिले. तिचे ओठ आकडे पुटपुटत होते.

“ढग आहेत,” मास्तर म्हणाले.

सर्वांनी डोंगराकडे पाहिले. खाणीच्या कड्यावर करड्या ढगाचा एक आडवा पट्टा येऊन बसला होता, आणि त्याची वरची कड नुकतीच तांबूस होऊ लागली होती.

“हो बाबा,” लेक म्हणाली, “आहेत ना. तुम्हाला कुणी—”

“कुणी कशाला सांगायला हवंय? घंटा झाली, ऊन आलं नाही. मग दुसरं काय असणार?”

प्राध्यापिकाबाईंना राहवले नाही. “पण मास्तर, घड्याळ चुकलं असेल, असं नाही वाटलं?”

“कसं वाटेल, ताई? त्यातला डोंगर मी हात लावून पाहिलाय.”

घड्याळजी खाकरले. “मास्तर, मी उद्याचा दिवस थांबतो. ऊन पडलं की एकदा पडताळून—”

“उद्याचं मी बघतो,” मास्तर पूर्वेकडे तोंड करून म्हणाले. “तुम्ही आता निवांत चहा घ्या.”